खरवडलेली देवी

सोमवार, ३ मार्च

दादा,

नऊ वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटेल, कुणीतरी गेलं. कुणी गेलेलं नाही. आपल्याकडे जायला आता उरलंय कोण, तू आणि मी. खुशाली शेवटी लिहीन, आठवलं तर. अक्षराकडे बघू नकोस. लहानपणी तू माझ्या अक्षराला मुंगीचे पाय म्हणायचास, आज त्या मुंगीला ताप आलाय असं समज.

आज कामावर जे झालं ते कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि देवाशी रोजचा संबंध असलेला माझ्या ओळखीत तू एकटाच. तुझ्या प्रार्थनाघरात ना मूर्ती, ना तसबीर, नुसती पांढरी भिंत. त्या भिंतीवरून मी तुला काय काय बोललेय ते दोघांनाही पाठ आहे, परत उगाळत नाही.

मी अजून त्याच संग्रहालयात आहे, तळघरातल्या त्याच खोलीत. जुन्या मूर्तींची सफाई आणि डागडुजी. तू मला देवांची न्हावीण म्हणायचास, तेच चालू आहे. गेलं अख्खं वर्ष एका देवीवर गेलं. गुडघ्याएवढी उंच. एक्केचाळीस वर्षांपूर्वी कुठल्याशा डोंगराळ मुलखातून खोक्यात घालून आणलेली. आली तेव्हा ती देवी आहे हे कुणी सांगितलं नसतं तर कळलंही नसतं. लालसर काळा, तुकतुकीत, गाठीगाठींचा नुसता गोळा. ना डोळे, ना हात. चरबी, राख आणि माती यांचा थरावर थर, जाडी कुठे तीन बोटं तर कुठे चार.

तो थर मी काढला. मायक्रोस्कोपखाली, सुरीच्या टोकाने, तिळातिळाने. मान धरली, चष्म्याचा नंबर वाढला, पण आतून जी बाई निघाली ना दादा, काय सांगू. काळ्या दगडात कोरलेली. मिटलेले ओठ, खाली झुकलेली नजर, केसांची बट न् बट मोजून घ्यावी. साहेब, म्हणजे आमचे संचालक, इतके खूश झाले की तिचा फोटो मोठा करून दारावर लावला. पत्रकारांपुढे भाषणही ठोकलं, टाकीचे घाव सोसल्याशिवाय दगडाला देवपण येत नाही वगैरे. मीही बाजूला नटूनथटून उभी होते.

मग वरून हुकूम आला, ज्या लोकांची देवी त्यांना परत करायची. साहेबांनी तोंड वाकडं केलं, पण हुकूम तो हुकूम. आज त्यांच्यातले दोघे ती बघायला आले. एक म्हातारी, सत्तरीच्या आसपासची, काटक, छातीएवढी उंच काठी घेतलेली. आणि तिचा पुतण्या, पन्नाशीचा, बस चालवतो. म्हातारीला आपली भाषा येत नाही, तिचं तो सांगतो आणि आपलं तिला सांगतो.

चहा झाला, गुच्छ झाला. मी मोठ्या तोऱ्यात मूर्तीवरचं कापड काढलं.

म्हातारीने बघितलं. मग टेबलाच्या मागे बघितलं. मग वाकून टेबलाखाली बघितलं. पुतण्याला काहीतरी म्हणाली. तो जरा घुटमळला आणि मला म्हणाला, "ती विचारतेय, देवी कुठे आहे?"

मी हसून म्हटलं, ही काय. त्याने तिला सांगितलं. ती मूर्तीच्या जवळ गेली, दगडाच्या गालावर काठी हलकेच टेकवली, आणि जे बोलली ते त्याने मला तसंच्या तसं सांगितलं. "हा तर आतला दगड आहे. तिच्या अंगात असायचा तो. तिचं काय केलंत?"

माझ्या मागच्या भिंतीवर सफाईच्या आधीचा फोटो लावलेला होता, त्या गोळ्याचा. तिचं लक्ष तिकडे गेलं. ती गेली आणि फोटोवर दोन्ही तळवे ठेवून उभी राहिली. मग तशीच खाली बसली, फरशीवर. मला वाटलं चक्कर आली. चक्कर नव्हती.

मी खुळ्यासारखी समजावत राहिले की तो मळ होता, शंभर वर्षांचा साचलेला मळ. पुतण्याने ते तिला सांगितलंच नाही. मला हात करून म्हणाला, बाई, आता गप्प बसा.

आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं, दादा. कुणीच नाही. हे मी निघताना पुतण्यालाही सांगितलं. बस, आता थांबते, मला काही सुचत नाहीये.

तुझी धाकटी


बुधवार, ५ मार्च

दादा,

परवाचं पत्र तुला अजून पोचलंही नसेल, आणि मी दुसरं लिहायला बसले. उत्तर देऊ नकोस हवं तर. नुसतं वाच.

काल पुतण्याने सगळं नीट सांगितलं. त्यांच्यात घरातलं कुणी गेलं की तिसऱ्या दिवशी एक लेप लावतात. गेलेल्याला शेवटचा हात ज्याचा लागला, त्यानेच लावायचा. चरबी, चुलीतली राख, लाल माती, बोटाच्या पेराएवढा गोळा. तो देवीला लावायचा आणि बोटाखाली ऊब येईपर्यंत ते तसंच दाबून धरायचं. ऊब आली की गेलेलं माणूस तिच्यात पोचलं. असं पिढ्यान् पिढ्या. म्हणजे ती जी गाठ न् गाठ मी खरवडून काढली, ते एकेक माणूस होतं. कुणाची आई, कुणाचा नवरा. आणि देवी म्हणजे ते सगळे मिळून. आतला दगड त्यांच्या लेखी नुसता आधार, वेलीला काठी लावतात तसा. कुणी कोरला, कुठून आणला, कुणाला माहीत नाही. त्यांनी तो कधी पाहिलेलाच नव्हता.

पुतण्या मला म्हणाला, "आमच्या देवीला नाक आहे हे मला काल कळलं." तो विनोद करत नव्हता.

वरून काय झालं ऐक. साहेबांनी मूर्तिशास्त्राच्या एका मोठ्या जाणकाराला बोलावलेलं होतं. तो भिंग लावून तासभर बसला आणि म्हणाला की ही मुळात देवीच नाही. डाव्या हातात खोबण आहे, तिथे दिवा बसत असणार. ही कुठल्यातरी दरबारातली दिवा धरणारी दासी आहे. साहेबांचा चेहरा पडला, दारावर एवढा मोठा फोटो लावलेला. मला वाटलं, म्हातारीला हे सांगितलं तर ती कोसळेल. पुतण्याने तर तिथल्या तिथे सांगून टाकलं. तिने खांदे उडवले. पुतण्या म्हणाला, ती म्हणतेय, मग काय झालं, मीपण आयुष्यभर लोकांची धुणीभांडी केली.

जाणकाराने भिंग मिटून ठेवलं. आयुष्यभर कुठला देव कुठला, शस्त्रं कोणती, वाहन कोणतं, हे ओळखण्यात घालवलेला माणूस. आणि मला आपली आई आठवली. ती तिच्या देवाला आंघोळ घालायची, थंडीत शाल पांघरायची, आणि तुझी परीक्षा असली की दम भरायची, पोरगं नापास झालं तर बघ हं. तिचा देव घरातला माणूस होता. तुझ्या देवाला तर चेहराच नाही, आकार दिला की तो देव उरत नाही, हे तू मला शंभरदा सांगितलंस. माझ्याकडे देवच नाही, मी नुसती त्यांची भांडी घासणारी. आणि या म्हातारीची देवी म्हणजे तिच्या घरातली मेलेली माणसं. आम्ही चौघं एका खोलीत बसलो तर एकमेकांना काय कळणार होतं, सांग.

पण ऐक, थोडं बरंही झालं. आमच्या कामाचा नियम असा की मूर्तीवरून काढलेलं काहीही फेकायचं नाही. खरवडलेला प्रत्येक थर मी बाटलीत भरून ठेवलेला, कुठल्या जागेवरचा, कितवा, सगळं लिहून. त्रेचाळीस बाटल्या. आता लेबलावर 'मळ' लिहिलंय, त्याला इलाज नाही. मी पुतण्याला म्हटलं, सगळं आहे, एक कणही गेलेला नाही. म्हातारी काठी न घेता उठली.

कपाटातून गाडीवर घालून बाटल्या आणल्या. तिने बूच उघडून एकेक हुंगली. तिला वासाने कळतं म्हणे, कुठल्या घरची राख. मग तिने पुतण्याकडून विचारलं की सगळ्यात वरचा लेप कुठला. तो तिचा होता. तिचा मुलगा अकरा दिवसांचा होऊन गेला, नाव ठेवायचं राहिलं. तिने लेप लावला आणि त्याच महिन्यात माणसं येऊन देवी घेऊन गेली. त्याच्यानंतर कुणालाच लेप लागला नाही. एक्केचाळीस वर्षं ती त्या पोराची शेवटची खूण शोधतेय.

मी तिला पहिली बाटली दिली. तिने हुंगली, बराच वेळ. मग ती छातीशी धरून बसली, आणि निघताना सोबत घेऊन गेली. बाकीच्या मला दिल्या, सांभाळायला.

ती आता रोज येऊन माझ्या टेबलासमोर बसणार आहे म्हणे, देवी जाईपर्यंत. सत्तावीसला त्यांचा परतीचा दिवस आहे. पुतण्यालाही तोवर रजा मिळालीय.

धाकटी


शुक्रवार, ७ मार्च

दादा,

आधीची दोन्ही पत्रं फाडून टाक. नको, फाडू नकोस. पण त्यांत मी दोनदा खोटं बोललेय. बोलले पुतण्याशी, म्हातारीशी, आणि मग तुझ्याशीही. तुझ्याशी का, कळत नाही. सवय.

पहिलं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं असं मी लिहिलं. सांगितलं होतं. देवीच्या खोक्यासोबत एक जुनं कार्ड आहे. त्यावर आणणाऱ्यांपैकी कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, "वरचा लेप काढू नये. लेप म्हणजेच देवी, असं तिथल्या बायका सांगतात." मी ते वाचलं होतं. सुरी हातात घ्यायच्या आधी, स्वच्छ उजेडात, चष्मा लावून. साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, अडाणी बायकांची समजूत. आणि मी, बाईच असून, हसले. कार्ड परत पाकिटात सारलं. इतकं सोपं होतं ते.

दुसरं याहून वाईट आहे. लिहायला तासभर लागला.

सफाईच्या पहिल्या दिवशी आम्ही चाचणी घेतो. काडीला कापूस गुंडाळायचा, वेगवेगळ्या द्रावणांत बुडवायचा आणि बघायचं, कशाने काय निघतं. वरचा थर मऊ होता, सगळ्यांत नवा म्हणून. कापसालाच निघून आला. नियमाने ते बोळेही ठेवायचे असतात. पण चाचणीचे बोळे कुणी ठेवत नाही, मीही नाही, वीस वर्षांत कधी नाही. ते पिवळ्या पिंपात जातात. पिंप दर शुक्रवारी नेतात आणि जाळतात.

म्हणजे त्या पोराचा लेप मी पुसला, दादा. दहा मिनिटांचं काम. तेव्हा रेडिओ लावला होता मी, गाणं गुणगुणत होते.

मग बाटली नंबर एकमध्ये काय आहे, विचारशील. यादी करताना एक नंबर रिकामा येत होता. वहीत रिकामी जागा दिसू नये म्हणून मी मूर्तीच्या पाठीमागून निघालेलं चिमूटभर त्यात घातलं. नुसता नीटनेटकेपणा. ते कुणाचं आहे देव जाणे. तेच मी तिच्या हातात दिलं, आणि ती ते उशाशी घेऊन झोपते, पुतण्या सांगत होता.

ती रोज सकाळी नऊला येते. समोरच्या स्टुलावर बसते. बोलत नाही, माझ्या हातांकडे बघत राहते. मी कात्री उचलली तरी बघते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालंय, वाटतं तिला सगळं दिसतंय.

साहेबांना मी काल सांगून टाकलं. म्हणाले, कशाला वेड्यासारखं करतेस, म्हातारी समाधानाने घरी जातेय, जाऊ दे की. 'सर्व काही सुपूर्द केले' अशा कागदावर सही करायला दिलीय. कागद ड्रॉवरमध्ये आहे.

तूच सांग. तुझ्या देवाला खोटं चालत नाही हे मला ठाऊक आहे. पण एका बाईचं पोर दुसऱ्यांदा न्यायचं, हे चालतं का त्याला? सांगू की नको सांगू? तू म्हणशील तसं करीन. आयुष्यात पहिल्यांदा म्हणतेय हे, जपून वापर.

धाकटी


मंगळवार, १८ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. नऊ वर्षांनी तीन ओळी. मी पाकीट उलटं करून झटकलं, अजून काही पडतंय का बघायला.

"मला विचारू नकोस. माझ्या देवाचं मत मला थोडंफार माहीत आहे, तिच्या देवीचं नाही. तिला विचार."

खरं सांगू, मला तुझा असा राग आला. म्हटलं, एवढा धर्माचा शिक्षक, लांबून लांबून लोक सल्ला घ्यायला येतात, आणि सख्ख्या बहिणीला टोलवतो. आई गेली तेव्हाही तू असाच, उंबऱ्याबाहेर उभा. आत आईच्या देवाला हात जोड म्हटलं तर नुसती मान हलवलीस. मी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हटलं होतं, हात जोडायला तुझं काय जातं, आणि तू पायात चपला घातल्यास. मी तुला थांबवलं नाही, उलट जा म्हटलं, परत येऊ नकोस म्हटलं. हेही आधीच्या पत्रांत नाही, बघ. तुला माहीत आहे म्हणून लिहिलं नाही, असं मी स्वतःला सांगत होते.

तुझं पत्र परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचल्यावर कळलं, तू टोलवत नव्हतास. तुला खरंच माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणायची तुला लाज वाटत नाही. मला वाटायची. कार्डावरच्या त्या पेन्सिलीच्या ओळीपुढे मला कुणाला तरी विचारावंसं वाटलं नाही, कारण मला सगळं ठाऊक होतं.

सांगणार आहे तिला. कधी, ते विचारू नकोस. कागदावर सही केलेली नाही.

धाकटी


गुरुवार, २७ मार्च

दादा,

आज ते गेले. मी स्टेशनवरून थेट घरी आले आणि चपला न काढता लिहायला बसले. सगळं सांगते, काही लपवत नाही.

सोमवारी सांगितलं. आधी पुतण्याला. त्याचा चेहरा पांढरा पडला. म्हणाला, हे मी तिला सांगणार नाही, माझ्या जिभेने नाही. तुम्ही केलंत, तुम्ही सांगा. मला तर तिची भाषा येत नाही. मग मी काडीला कापूस गुंडाळला, तिच्या समोर. मूर्तीच्या कपाळावर, जिथे तो लेप होता, तिथे कापूस फिरवला. पिवळं पिंप पायाने पुढे ओढलं, झाकण उघडलं आणि बोळा आत टाकला. मग काडेपेटी दाखवली. एवढंच. बाटली नंबर एककडे बोट करून मान हलवली, नाही म्हणून.

तिने पिंपाच्या आत बघितलं. आत तोच एक बोळा होता. मग तिने पिशवीतून ती बाटली काढून टेबलावर ठेवली आणि पुतण्याला दोन-तीन वाक्यं बोलली. पुतण्या तिच्याकडे बघतच राहिला. मी त्याला हलवलं तेव्हा त्याने सांगितलं.

"ती म्हणतेय, हा माझा नाही हे मला त्याच दिवशी वासाने कळलं. हा माझ्या सासूच्या वेळचा कुणीतरी आहे. पण कुणाचा तरी आहेच, टाकून कसा द्यायचा, म्हणून जवळ ठेवला."

माझ्या पायाखालची जमीन सरकली रे. तीन आठवडे. मी म्हटलं, मग तिने तेव्हाच का नाही विचारलं? तर म्हणाली, विचारलं असतं तर तू अजून एक बाटली काढून दिली असतीस. ती रोज येऊन माझ्या हातांकडे बघत होती ती यासाठी. मी कधी बोलते, याची वाट बघत होती.

मी माफी मागायला लागले, पायाशी बसले. तिला ते आवडलं नाही, ऊठ म्हणाली काठीने. मग माझा उजवा हात ओढून घेतला. मला वाटलं मारणार. तिने बोटं एकेक करून तपासली आणि पुतण्याला विचारलं, कापूस धरला होता तो हाच का हात? मी हो म्हटलं. तिने पिशवीतून राख काढली, तिच्या चुलीतली, घरून आणलेली. चरबी आणली होती, लाल माती आणली होती. परत सगळे लेप लावायचे म्हणून ती तयारीनेच आली होती. तिने गोळा मळला आणि माझ्या बोटावर ठेवला.

तुला लिहिलं होतं ना, शेवटचा हात ज्याचा लागला त्यानेच लावायचा असतो. पोराला शेवटचा हात तिचा नाही, माझा लागला होता. त्यांच्या हिशोबात यात राग नाही, शिक्षा नाही, दया तर नाहीच नाही. रीत आहे.

मी घाबरले. पुतण्याला म्हटलं, तिला सांगा, माझा यावर विश्वास नाही. देव, देवी, कशावरच नाही. मी लावला तर ते खोटंच होईल, आणि आता मला खोटं नको. त्याने सांगितलं. म्हातारीने माझ्याकडे असं बघितलं जसं मी काहीतरी बालिश बोलले.

"विश्वास कशाला लागतो? बोट लागतं."

तू ऐकलं असतंस तर खुर्चीवरून उठला असतास. तुझं सगळं आयुष्य विश्वासावर उभं आहे आणि माझं अविश्वासावर, आणि ती दोन्ही एका हाताने बाजूला सारून उभी. मी लेप लावला. कपाळावरून तो नाकावर उतरला, ते नाक ज्याच्यावर मी सहा आठवडे घालवले होते. बोट दाबून धरलं. ऊब आली, दादा. चरबी आहे, बोट गरम असतं, येणारच, मला शास्त्र माहीत आहे. तरी मी हात लगेच काढला नाही.

साहेब दारात येऊन उभे होते. तसेच परत गेले. दुपारी दारावरचा फोटो उतरवला.

मग मी धीर करून विचारलं, माझ्या आईसाठीही एक लावू का. म्हातारीने नाही म्हटलं. सरळ, न रागावता. ती तुमची आहे, आमच्या देवीत तिचं काय काम, तुमच्याकडे असेल ते करा. क्षणभर मला वाटलं, एक लेप लावू द्यायला हिचं काय जातं. आणि मनातल्या मनात ते वाक्य म्हणताना मला तू दिसलास, चपला घालताना. तिचं जात होतं. तुझंही जात होतं. मी चुकले होते, दादा. हे मला समोर येऊन सांगायचं होतं, पण समोर मी सांगणार नाही, माझी जीभ तुला माहीत आहे.

राहिलेले तीन दिवस म्हातारीने त्या बाटल्या पालथ्या घालून परत लेप लावले, जेवढे ओळखता आले तेवढे, आणि सासूच्या वेळचा तो अनोळखी लेपही. देवीचं तोंड झाकलं गेलं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहितेय ते. स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी पुतण्याने खिशातून वही काढली आणि मला विचारलं, तुमच्या घरी कळवणारं कोण आहे? मला कळेना. त्याने समजावलं, पत्त्यासाठी विचारावं इतक्या सहज. परक्याने एकदा लेप लावला की तो आमच्यातला मोजायचा. तुम्ही गेल्यावर तुमचाही एक लेप लावावा लागेल, नाहीतर त्या पोराला आणणारं कोण होतं ते देवीला कळणार नाही. शेवटचा हात ज्याचा लागेल त्याने इकडे यायचं, आणि येणं जमलं नाही तर पत्र तरी टाकायचं. म्हातारी खिडकीतून माझ्याकडे बघत होती, उत्तराची वाट बघत.

माझं लग्न नाही, मूल नाही, हे तुला माहीत आहे. फलाटावर उभी राहून मी खूप विचार केला. शेजारच्या बाईंचं नाव आलं ओठावर, पण त्या माझ्याहून थकलेल्या. मग मी तुझा पत्ता दिला.

हात जोडायला सांगत नाही, तिकडे जायलाही सांगत नाही. त्यांचा पत्ता पाकिटात घातलाय, पुतण्याच्या हातचा, जपून ठेव. मी गेले की एक पत्र टाक, की ती गेली. नाव नाही लिहिलंस तरी चालेल, त्यांना मी कोण ते कळेल. आणि जमलं, तर त्याच्या आधी ये. म्हणजे शेवटचा हात तुझाच लागेल.

तुझी,
धाकटी